लाँड्रीतली कुरळी

इस्त्रीच्या दुकानात कुरळ्या केसांची सून येणं म्हणजे काय, हे ती ज्या घरात आली त्या घराला विचारावं. किंवा शेजारच्या न्हाव्याला विचारावं, तो जास्त खरं सांगेल. दुकानाच्या पाटीवर ढळढळीत अक्षरांत लिहिलेलं, 'एकही सुरकुती राहणार नाही', आणि पाटीच्या बरोबर खाली काउंटरवर डोक्याभोवती केसांचा हा एवढा डोलारा घेऊन बसलेली बाई. गिऱ्हाईक आधी पाटी वाचायचं, मग खाली बघायचं, आणि ज्याची जीभ जरा सैल असेल तो म्हणायचाच, "काय बाई, घरच्यांना सवलत नाही वाटतं?"

पहिली काही वर्षं तिनं हसून घेतलं. मग हसणं बंद केलं आणि असल्या गिऱ्हाइकाच्या पावतीवर तारीख दोन दिवस पुढची टाकायला लागली. शहाणे लोक त्यावरून समजले. जे समजले नाहीत ते अजून विनोद करतात आणि चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात.

तिला सगळा रस्ता 'कुरळी' म्हणायचा. नवराही म्हणायचा, पण हळू आवाजात, लाडानं. तिच्या सासूला रस्त्यानं नाव दिलं होतं 'कडकमावशी', कारण काहीही विचारा, त्यांचं उत्तर एकच असायचं: "कडक करून देते." नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं दुकान ओढलं होतं आणि उभ्या आयुष्यात एक कॉलर जाळली नव्हती. इस्त्री गालाजवळ नेऊन नुसत्या झळेवरून त्यांना कळायचं, की आता ही सुतीला चालेल, रेशमाला थांबायला हवं. सुतीला पाणी शिंपडून कडकडीत तापलेली इस्त्री. रेशीम उलट्या बाजूनं, कोमट. लोकर असेल तर वर ओलं फडकं, आणि इस्त्री फक्त टेकवायची, घासायची नाही. एवढं ज्ञान हातात असलेल्या बाईला घरात एक गोष्ट सरळ करता येत नव्हती, आणि ती गोष्ट रोज समोर काउंटरवर बसायची. त्यांचं दुःखही समजून घ्यायला हवं.

त्यात त्यांना वाटायचं, की आपण फसलो. मुलगी बघायला गेल्या तेव्हा तिचे केस घट्ट अंबाड्यात बांधलेले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी नणंदेनं, ती तेव्हा केस कापायचं नुकतंच शिकत होती, होणाऱ्या वहिनीला हौसेनं भेट म्हणून तिचे केस मशीननं सरळ करून दिले होते. काय दिसली लग्नात कुरळी! कमरेपर्यंत काळंभोर पाणी ओतल्यासारखे केस. त्यातला एक फोटो अजून दुकानात टांगलेला आहे. चार दिवसांनी ती सासरच्या न्हाणीघरात गेली ती एक, आणि बाहेर आली ती दुसरीच. कडकमावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही कोण?"

तेवढं पुरलं. संध्याकाळपर्यंत रस्ताभर झालं, की दाखवली एक आणि पाठवली दुसरी.

घरात शांतता राहावी म्हणून कुरळीनं पुढचं वर्षभर दर आठवड्याला केस तापवून सरळ केले. शांतता राहिली, केस राहिले नाहीत. टोकं फाटली, कपाळावरच्या बटा तुटून बोटाएवढ्या झाल्या, उशीवर रोज सकाळी जणू मांजर झोपून गेलं असावं असं दिसायचं. एक दिवस तिनं मशीन नणंदेला परत केलं, खराब झालेलं सगळं कापून टाकलं, आणि मग स्वतःचं डोकं नव्यानं शिकून घेतलं.

दुकान सोमवारी बंद. तो तिच्या न्हाण्याचा दिवस. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही, हा पहिला नियम. ओल्या केसांना हात बुळबुळीत होईपर्यंत कंडिशनर चोपडायचं, चार भाग करून तीन भाग चिमट्यांनी वर अडकवायचे, आणि उरलेल्या एका भागात आधी बोटं घालायची. गाठ लागली की तिच्या वर केस मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. मग खालून, टोकाकडून, गाठ एकेक केस करत सैल करायची. वरून ओढली तर दहा लहान गाठींची एक मोठी गाठ होते. सगळ्यात शेवटी रुंद दातांचा कंगवा. त्यानंतर जुन्या सुती शर्टात केस टिपायचे, पुसायचे नाहीत. थंडीत ड्रायर लावायचा तोसुद्धा मंद, त्याच्या तोंडावर हवा पसरवणारा जाळीचा वाडगा बसवून. या सगळ्याला वेळ लागायचा, आणि घरात न्हाणीघर एकच.

"आत काय बाळंतपण चाललंय का?" कडकमावशी दार ठोकायच्या.

"हो आई, जुळं आहे," आतून उत्तर यायचं.

हे झालं बाहेर ऐकू येणारं. आत, कंगवा हातात धरून, कुरळी आणखी बरंच काही बोलायची. पण ते पाण्याबरोबर जायचं.

तिची मुलगी सात वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी राहिली तर ताप आला असं समजायचे. केस हुबेहूब आईचे. भिंगरीच्या बाबतीत कुरळीनं पहिल्या दिवसापासून कायदा करून ठेवला होता, की हिच्या डोक्याला माझ्याशिवाय कुणी कंगवा लावायचा नाही. कडकमावशींनी नाक मुरडलं. "आम्ही काय पोरी वाढवल्याच नाहीत," असं भिंतीला ऐकवलं. पण कायदा पाळला गेला. नवऱ्यानं तर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आई, हिच्या केसालाही धक्का लागता कामा नये." नवरा बोलायला फार चांगला होता.

मग शाळेत कुणीतरी भिंगरीला 'झाडू' म्हणालं.

झाडू म्हणणारी पोरगी एकच होती, पण वर्ग हसला. त्या दिवसापासून भिंगरीचं एकच तुणतुणं. मंगळवारी वर्गाचा फोटो आहे, फोटोत मला आजीसारखे सरळ केस हवेत. कुरळी तेव्हा हॉटेलच्या चादरींवर खुणेचे दोरे टाचत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटोसाठी नाही, आणि कशासाठीच नाही. जा, खेळ." तिथं तिनं सुई बाजूला ठेवायला हवी होती. पण हॉटेलचं काम आलं की तिला देवही दिसला नसता.

भिंगरी खेळायला गेली नाही. आजीकडे गेली.

सोमवारी दुपारी कुरळी आणि तिचा नवरा गाडी घेऊन त्या हॉटेलात गेले. हॉटेलवाले म्हणत होते उशांचे अभ्रे कमी आले, आणि कुरळी म्हणत होती की कमी गेलेच नाहीत. तासभर भांडून ती जिंकली. अभ्रे त्यांच्याच कपाटाच्या मागे पडलेले निघाले. जिंकून आलेली बाई गाडीतून उतरली, शटर वर केलं, आणि तिथंच थबकली.

"लोकर जळलीये," ती म्हणाली.

तो वास या धंद्यातलं माणूस झोपेतही ओळखतं. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. दांडीवर डॉक्टरांचा राखाडी कोट होता, वकिलीणबाईंचा नवा ओव्हरकोट होता. दोघांनी एकेक कोट उतरवून बाह्या पाहिल्या, अस्तर उलटं केलं, खिशांच्या पट्ट्या तपासल्या. सगळं धडधाकट. नवरा सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, "बाहेरून आला असेल वास."

आतल्या दारातून भिंगरी आली.

डावी बाजू रोजचीच. कानावरून खाली उतरणाऱ्या, स्प्रिंगसारख्या बटा. आणि उजवी बाजू सरळ. सरळ म्हणजे कशी, तर जुन्या ब्रशच्या केसांसारखी, निर्जीव, ताठ, टोकाला तांबूस. मधे एक बट अर्ध्यातच संपली होती, आणि तिचं टोक बोटानं दाबलं तर कुरकुरत होतं. हे शेवटचं कुरळीनं दाबून पाहिलं.

"अर्धंच झालं," भिंगरी म्हणाली. तिचा चेहरा रडून सुजलेला होता, पण आवाजात आशा होती. "आजी म्हणाली आता थांबू. माझे केसच असले आहेत म्हणून जळले. चांगले केस असते तर नसते जळले."

कुरळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा वेळी बायका ओरडतात असा लोकांचा समज आहे. ती ओरडली नाही. पोरीच्या कानामागची कातडी पाहिली, मान पाहिली, टाळू पाहिली, भाजलं नाही याची खात्री केली, आणि मागच्या खोलीत गेली.

कडकमावशी इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या होत्या. एक शर्ट इस्त्री करत होत्या. तो शर्ट आधीच इस्त्री झालेला होता.

"कसं केलंत?" कुरळीनं विचारलं.

"जसं करतात तसं केलं." मावशींनी मान वर केली नाही. "डोकं टेबलावर टेकवलं. कानापाशी टॉवेलची चौपदरी घडी ठेवली, पोरीला झळ लागू नये म्हणून. मी काय वेडी नाही. केस पसरले, पाणी शिंपडलं—"

"पाणी शिंपडलं?"

"मग? चुरगळलेलं असं पाणी मारल्याशिवाय सरळ होतं का? वाफ धरली की बसतं."

"आणि इस्त्री कुठल्या तापाला?"

मावशी थांबल्या. "सुतीच्या."

आता या ठिकाणी सांगायला हवं, की ओल्या केसाला कडकडीत इस्त्री लावली की केसात मुरलेलं पाणी आतल्या आतच उकळतं आणि केस फुटतो. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर निदान कोरड्या केसांवर केलं असतं. पाणी शिंपडायची बुद्धी फक्त इस्त्रीवाल्यांच्या घरातच होणार. जन्मभराची सवय, हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे गेला.

"वकिलीणबाईंच्या कोटाला तुम्ही ओलं फडकं घालता," कुरळी म्हणाली. आवाज अजून खालीच होता, म्हणून नवरा दारातच थांबला. त्याला हा आवाज माहीत होता. "कोट म्हणजे काय, मेंढीचे केस. त्या मेंढीला जेवढं जपलंत तेवढं माझ्या लेकीला जपलं नाहीत. तिला सुती समजलात."

"तिनंच हट्ट केला. रडत होती."

"ती उद्या विहिरीत उडी मारते म्हणाली तर विहिरीपाशी नेऊन सोडाल?"

"चांगल्यासाठीच केलं ना. पोरीला झाडू म्हणतात. तुला काही वाटत नाही, तू बसतेस तशीच डोकं घेऊन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो तुझा. पोरीनं का भोगायचं?"

"केस जळले, त्याचं मी एक वेळ गिळीन," कुरळी म्हणाली. "पण तिला काय सांगितलंत? की तिचे केसच असले, म्हणून जळले. कपडा जाळला की प्रत्येक चुकार इस्त्रीवाला काय म्हणतो, आई? 'कापडच तसलं होतं.' तुम्हीच नावं ठेवता त्यांना."

मावशींचा हात इस्त्रीवर थांबला होता. खालचा शर्ट जळण्याआधी त्यांनी ती उभी केली, हे विशेष.

त्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासून एक रीत होती. कपडा ज्याच्या हातून जळला त्यानंच तो गिऱ्हाइकापुढे धरायचा, उघडून, डाग वर करून, आणि तोंडानं म्हणायचं, 'मी जाळला.' घडीत लपवायचा नाही, मालकाला पुढे करायचं नाही. किती कामगार रडले असतील या रीतीपायी. एक जण तर दुपारीच पळून गेला आणि परत आलाच नाही. कडकमावशींनी ती रीत सगळ्यांकडून पाळून घेतली होती. स्वतःवर पाळायची वेळ आली नव्हती.

"भिंगरीपुढे जा," कुरळी म्हणाली, "आणि म्हणा, मी जाळले. केसांचा दोष नव्हता. दुसरं काही मला नको."

"ती रीत गिऱ्हाइकासाठी आहे. घरच्या माणसाला नाही."

"म्हणजे परक्याच्या पँटला जो मान, तो आपल्या पोरीला नाही."

दारातून नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना आता. केसच आहेत. परत येतील."

कुरळीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही केसालाही धक्का लागू देणार नव्हता. ती काळजी घेऊन झाली. आता गप्प बसा, तेवढं तरी धड करा."

तो गप्प बसला. म्हणजे तोंडानं. हातानं त्यानं बहिणीला फोन लावला.

नणंद तासाभरात आली, तिची हत्यारांची पेटी घेऊन. मधल्या वर्षांत तिचं स्वतःचं केशकर्तनाचं छान दुकान झालं होतं. तिनं भिंगरीला दुकानाच्या मोठ्या आरशापुढे खुर्चीवर बसवलं, उजवी बाजू बोटांत घेऊन पाहिली, आणि आईकडे न बघता म्हणाली, "आई, तू शर्टच कर." मग वहिनीला बाजूला घेतलं.

"वहिनी, नीट ऐक हं, चिडू नकोस. फोटो सकाळी आहे. एक बाजू अशी, एक बाजू तशी, वर्ग फाडून खाईल पोरीला. मी डावी बाजू सरळ करते. माझं मशीन आईची इस्त्री नाही. कोरडे केस, आधी क्रीम, ताप कमी. पुढच्या न्हाण्याला परत जसेच्या तसे होतील. फोटोपुरतं."

"हो, हो," भिंगरी खुर्चीतून म्हणाली. तिचे कान तिखट. "आत्या करून दे. आई, हो म्हण ना."

खोटं कशाला सांगा, कुरळीचं मन डगमगलं होतं. नणंद म्हणत होती त्यात काही चूक नव्हतं. कमी तापावर एकदा केल्यानं केस मरत नाहीत, हे तिला माहीत होतं. आणि झाडू हा शब्दही तिला माहीत होता, तिच्या शाळेतही एक पोरगी होती.

"तुझ्या फोटोतपण सरळच आहेत की," भिंगरीनं आरशातूनच भिंतीकडे बोट केलं. "तू केलेस तर चालतं. मी केले तर नाही."

कुरळीनं भिंतीकडे पाहिलं. काळंभोर पाणी डोक्यावरून ओतलेली ती मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. तिला बिचारीला काय ठाऊक, चार दिवसांनी दारात कोण उभं असणार आहे.

"केले होते," कुरळी म्हणाली. "छान दिसले. मग सगळ्यांना वाटलं, मी तशीच. मग तशीच राहण्यासाठी वर्षभर जाळत बसले. पुढं एवढ्या एवढ्या उरल्या होत्या बटा." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "आत्याला विचार."

"होय गं," नणंद पुटपुटली.

"मशीनशी माझं भांडण नाही, ताई. थंडीत मीही ड्रायर लावते. हिला मोठी झाल्यावर वाटलं तर तिनं खुशाल सरळ करावेत, मी स्वतः तुझ्याकडे घेऊन येईन. पण आज नाही. आज केले तर हिच्या डोक्यात काय बसेल? की आजीचं बरोबर होतं, फक्त हत्यार चुकलं."

नणंदेनं मशीनची वायर परत गुंडाळली. आणि भिंगरीनं खुर्चीत असा टाहो फोडला, की शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. "तू वाईट आहेस," ती आईला म्हणाली. "आजी चांगली आहे. तू वाईट."

"बरं," कुरळी म्हणाली, आणि पोरीला उचलून न्हाणीघरात नेलं.

आता गंमत बघा. गुंता सोडवायचं काम असं आहे, की रागानं होत नाही. राग बोटांत उतरला की केस तुटतो. डावी बाजू तिनं सोडवली, सवयीनं. उजव्या बाजूला हात घातला आणि पहिल्याच गाठीला कटकन आवाज झाला. ती थांबली. हात धुतले, पुसले, बाहेर गेली, आणि बंद दुकानात एकटीनं हॉटेलची एक दुहेरी चादर उचलून अशी झटकली की कोट दांडीवर हलले. तिची घडी घातली, दाबली, आणि परत आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली. हॉटेलच्या चादरींचा ढीग त्या दिवशी जसा नीट लागला तसा आधी कधी लागला नव्हता.

तिसऱ्यांदा आली तेव्हा भिंगरीचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. कुरळीनं उजव्या बाजूवर पाणी ओतलं, ओंजळीनं, हळूहळू.

"काय करतेस?"

"बघतेय कुठले जिवंत आहेत. पाणी लागलं की जिवंत केस आपला आपण वळतो. मेलेला नुसता लोंबतो."

भिंगरीला हे नवीन होतं. तिनं हुंदका गिळला आणि आरशाचा तुकडा हातात घेतला. मुळापाशी, टाळूजवळ, पाणी लागताच बटा वळायला लागल्या, इवल्या इवल्या. पुढं काहींनी निम्म्यापर्यंत वळसा घेतला आणि मग खाली सुतळीसारख्या लोंबल्या. काही तर वळल्याच नाहीत.

"ही वळली," भिंगरी म्हणाली.

"हो."

"ही नाही वळली." तिनं ती बट बोटावर गुंडाळून पाहिली. "ही माझ्यामुळे नाही वळली?"

"नाही. ही जळली म्हणून नाही वळली. बाकीच्या बघ ना, त्याच डोक्यावरच्या आहेत."

भिंगरीनं विश्वास ठेवला असं दिसलं नाही. सात वर्षांच्या मुलीला एक गोष्ट आजीनं सांगितली आणि उलटी गोष्ट आईनं सांगितली, तर जी आधी ऐकली आणि जिच्याबरोबर वासही आला, तीच तिच्यात रुतून बसते. कुरळीला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तिचा राग जात नव्हता. केस महिन्याला थोडे थोडे वाढतील. हे वाढून बरं होणाऱ्यातलं नव्हतं.

जे लोंबत होतं ते नणंदेनं कात्रीनं उतरवलं. उजवीकडे कानापर्यंत आले, डावीकडे खांद्यापर्यंत राहिले. डावी बाजू कापून सारखी करायची का, असं नणंदेनं विचारलं. भिंगरी दोन्ही हातांनी डावी बाजू धरून बसली. "ही नाही जळली. ही कापायची नाही." कुरळी म्हणाली, तिचं डोकं आहे, राहू दे.

कडकमावशी त्या संध्याकाळी जेवायला बसल्या आणि अर्ध्यावरून उठल्या.

सकाळी कुरळी पोरीला शाळेत पोचवायला निघाली तर कडकमावशी कोट घालून दारात तयार. का, कशाला, कुणी विचारलं नाही. तिघी निघाल्या. भिंगरी मधे. दोन्ही बायकांनी तिचा एकेक हात धरलेला, आणि एकमेकींकडे तोंड नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, पोरगी दोघींना फरफटत शाळेत नेतेय.

फाटकाशी बाई उभ्या होत्या, फोटोसाठी मुलांच्या रांगा लावत. भिंगरीला पाहून त्यांचे हात थांबले. झाडू म्हणणारी ती पोरगीही रांगेत पुढेच होती. तिनं तोंडावर हात नेला.

"अगं, केसांना काय झालं?" बाईंनी विचारलं. मायेनंच विचारलं.

भिंगरीनं खाली पाहिलं. "माझे केसच असले आहेत," ती म्हणाली. "म्हणून जळले."

कुरळीनं तोंड उघडलं होतं. रात्रभर साठवलेलं सगळं जिभेवर आलेलं होतं, आणि त्यातलं निम्मं शाळेच्या फाटकात बोलण्यासारखं नव्हतं. पण त्याआधी कडकमावशींनी भिंगरीला खांद्याला धरून वळवलं आणि तिची उजवी बाजू बाईंच्या समोर केली. कापलेली जागा वर, उजेडात. अगदी दुकानात धरतात तशी.

"केस चांगले होते," त्या म्हणाल्या. "मी जाळले."

आवाज दुकानातलाच, रस्त्याच्या त्या टोकाला जाणारा. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. "असं होय," बाई म्हणाल्या.

"ताप चुकला. पाणी शिंपडलं ते चुकलं. माझा हात चुकला." मग मावशी नातीकडे वळल्या. वाकायला गुडघे देत नव्हते, म्हणून उभ्यानंच म्हणाल्या, "तुला खोटं सांगितलं मी. कापडाचा दोष नव्हता."

भिंगरी आजीकडे बघत राहिली. "मग तू असं का म्हणालीस?"

"लाज वाटली म्हणून."

भिंगरीनं त्यावर जरा विचार केला. मग रांगेत गेली. जाऊन त्या पोरीच्या शेजारीच उभी राहिली आणि तिला म्हणाली, "माझ्या आजीनं जाळले. इस्त्रीनं. खऱ्या इस्त्रीनं, दुकानातल्या." आणि त्या पोरीचे डोळे असे विस्फारले, की झाडूबिडू सगळं ती विसरली. दुखलं का, वाफ आली का, वास कसा येतो, असे प्रश्न सुरू झाले. बाईंना त्या दोघींना गप्प करता करता नाकी नऊ आले.

परतीच्या वाटेवर दोघी सासू-सुना अंतर ठेवून चालल्या. बेकरीच्या कोपऱ्यावर मावशींनी तिला गाठलं.

"सुती नव्हते," मावशी म्हणाल्या. "मग काय समजायचं? लोकर?"

"कापड समजायचंच नाही."

मावशींनी मान हलवली. पुढं रस्ता ओलांडायचा होता. तो ओलांडून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी मला दाखव. ओल्यात कसा सोडवतात तो गुंता."

"नाही," कुरळी म्हणाली. "पुढच्या सोमवारी नाही. मला अजून राग आहे."

वाटलं होतं म्हातारी फणकारेल. पण कडकमावशी चालता चालता एवढंच म्हणाल्या, "असू दे. तापलेलं असतं तोवर हात लावू नये."

कुरळीला हसू आलं. ते तिनं सासूला दिसू दिलं नाही. दोन पावलं पुढं होऊन शटर वर केलं, काउंटरमागे जाऊन बसली, आणि पाटी वाचून विनोद करणाऱ्या पहिल्याच गिऱ्हाइकाच्या पावतीवर खरी तारीख टाकली.